लेक लायब्ररीवाल्या बाईंकडे द्यावी

मी, बिझनेस कॉलेजात झाडलोट करणारी, वय सव्वीस, हा कागद माझ्या हातानं लिहिते. तिथली पोरं मला मावशी म्हणतात, त्यातली दोन-तीन माझ्याहून मोठी आहेत. माझं डोकं ठिकाणावर आहे, कुणाची जबरदस्ती नाही. उद्या सकाळी पोटाचं ऑपरेशन आहे, त्याची भीती वाटते. ऑफिसातले क्लार्कभाऊ म्हणाले, "घाबरलेल्या माणसाचं मृत्युपत्र चालतं गं. न घाबरता कोण लिहितं?"

एक. खोली भाड्याची आहे, तिचं काही वाटप नाही. शिलाई मशीन आईला.

दोन. माझा कुकर तीन वर्षं नणंदेकडे आहे. शिट्टी माझ्याकडे राहिली. कुकर तिलाच, शिट्टीही द्यावी. आता तरी तिचा भात शिजू दे.

तीन. माझी लेक, वय पाच. तिचे बाबा वारले. तिला लायब्ररीवाल्या बाईंकडे द्यावी. का, ते लिहिते.

मागच्या वर्षी कॉलेजला मान्यता द्यायला समिती येणार होती. नवी पुस्तकं कुणी उघडलीही नव्हती. संचालक साहेब बाईंना म्हणाले, "पोरं वाचतात असं दिसायला हवं. तारखांचे शिक्के मारा." बाई म्हणाल्या, "न वाचलेल्या पुस्तकावर मी तारीख मारणार नाही." मग साहेबांनी शिक्का माझ्या हातात दिला. त्याची चाकं मागे फिरवायची होती, मी पुढे फिरवली. चाळीस पुस्तकं. समितीच्या मॅडमनी एक उघडलं आणि विचारलं, "हे पुढच्या महिन्यात कोण वाचून गेलं?"

मान्यता हुकली. साहेब ओरडले तेव्हा बाई म्हणाल्या, "लायब्ररी माझी, जबाबदारी माझी." त्यांना प्रवेशाच्या खिडकीवर बसवलं. मी फडकं धरून गप्प उभी राहिले. म्हणून आज लिहून देते: शिक्के मी मारले, साहेबांच्या सांगण्यावरून. हा कागद कॉलेजात दाखवावा.

काल बाई भेटायला आल्या, त्यांनाही सांगितलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझी बोटं जांभळी होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला काढूनच टाकलं असतं. मला नुसतं हलवलं."

मग मी लेकीचं विचारलं. बाईंनी माझं पांघरूण नीट केलं. म्हणाल्या, "तुला काही होत नाही. पण तिला दूध गरम लागतं की कोमट?"

कोमट. केस टोकाकडून विंचरावेत. झोपताना ती आपल्या कानाची पाळी धरते, धरू द्यावी. मोठी झाल्यावर आमच्या कॉलेजात घालायची असेल तर आधी मान्यता मिळालीय का बघावं, आणि ती कशी मिळाली तेही.

नणंदेला राग येईल. माझ्या बाळंतपणात तिनं रात्रंदिवस केलं, ते मी विसरले नाही. पण ती लेकीला "आई गावाला गेलीय" सांगेल, आणि पोर रोज दाराशी बसून राहील. मी उठले नाही तर बाईंनी तिला मांडीवर घेऊन खरं काय ते सांगावं.

सही: लेकीची आई

साक्षीदार: वॉर्डातल्या सिस्टर, कॉलेजचे वॉचमनकाका

ठिकाण: बायकांचा वॉर्ड, खाट नऊ
दिनांक: चौदा, सोमवार, दुपार