अण्णांची टोपी आणि जहाजावरचा कोट

७ नोव्हेंबर २००५

अण्णा पहिले आले! पंपविक्रीत अख्ख्या जिल्ह्यात पहिले. कंपनी सगळ्या मोठ्या डीलरांना सिंगापूरला नेणार, तिथून पुढे जहाजावर. डीलर आणि घरचं एक माणूस. फोन ठेवून अण्णा समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "हां, तर फूटव्हॉल्व्ह कोणता देऊ?" असा हा माणूस. पेढे मीच आणले.

आईने लगेच अंग काढून घेतलं — "मला देवळ्याच्या एस्टीत उलटी होते, समुद्रात काय होईल? तृप्तीला न्या."

अण्णा म्हणाले, "बघू."

९ नोव्हेंबर

वाल्मीककाका देवळ्याहून आले. अण्णांचे धाकटे भाऊ. गावची शेती ते बघतात, आणि आमच्या घरात काय व्हावं तेही तेच बघतात.

"भाऊ, पोरीला कशाला नेतो? ललितला ने. उद्या गादीवर तोच बसणार. साहेब लोकांशी वळख व्हईल." मग माझ्याकडे न बघता — "पोरगी कितीबी हुशार राहू दे, परक्याचं धन शे ते."

दिवाळीतच हे ठरवून गेले होते. निफाडचं स्थळ मला आणि, मला भाऊ नाही म्हणून, आमचं पेठ रोडचं दुकान त्यांच्या मुलाला, ललितला. ललितने उन्हाळ्यात दुकानात बसून काय केलं? मोबाइलवर साप खेळला. गिऱ्हाइक उभं, आणि हा सापाला खायला घालतोय! बारावी झाल्यापासून दुकान मी सांभाळते. कॉलेज करून सांभाळलं. शेतकरी फोनवर विचारतात, "ताई आहेत का?" अण्णा आहेत का, असं नाही विचारत.

अण्णा हे सगळं ऐकत सुपारी कातरत बसले. ना हो, ना नाही. भावाला दुखवायचं नाही, पोरीलाही नाही, मग तोंडच उघडायचं नाही. मला या गप्प बसण्याचा भयंकर राग येतो.

१२ नोव्हेंबर

मी जाणार! अण्णांनी काकांना सांगितलं, "बायको नाहीतर मुलगी एवढंच चालतं, कंपनीचा नियमच आहे." सपशेल खोटं. पण मान वर न करता बोलले.

मी दिवसभर खूश होते. संध्याकाळी शटर ओढताना मनात आलं — जहाज दिलं म्हणजे दुकान दिलं असं कुठे आहे? आधी फिरवून आणायचं, मग बोळवण करायची. असंही असेल.

२ डिसेंबर

कंपनीचा कागद आला. इंग्रजी. मी वाचून दाखवला. जहाजावर दोन रात्री 'फॉर्मल' — एकदा कॅप्टनचं जेवण, एकदा बक्षीस समारंभ. पुरुषांनी काळा सूट, टाय, काळे बूट. नाहीतर राष्ट्रीय पोशाख. जेवणाच्या हॉलमध्ये टोपी घालू नये. बायकांसाठी एकच ओळ, साडी चालेल. बायकांनी काय नेसायचं ते कधीच ठरवून टाकलंय, घोळ सगळा पुरुषांचा.

अण्णांनी एकच विचारलं. "टोपी घालू नये म्हणजे?"

"आत ऊन नसतं म्हणून असेल."

"आपली काय उन्हासाठी आहे?"

नाही. आजोबा गेले तेव्हा मी चौथीत होते. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक सुटतं त्या दिवशी ओट्यावर सगळे भाऊबंद, आणि मधे अण्णा उघड्या डोक्याने. किती केविलवाणे दिसत होते. मग त्यांच्या मामांनी पुढे होऊन पांढरी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. झालं — तेव्हापासून घरात शेवटचा शब्द अण्णांचा. आमच्याकडे असंच असतं. बाप गेला की मामा टोपी घालतो, आणि आता कर्ता कोण ते सगळ्यांना कळतं, वेगळं सांगावं लागत नाही. त्या दिवसापासून अण्णा चारचौघांत कधी टोपीशिवाय दिसले नाहीत. उघडं डोकं म्हणजे घरात कोणीतरी गेलंय, असंच लोक धरतात.

हे त्या कागद लिहिणाऱ्याला कोण सांगणार.

११ डिसेंबर

आज टायची शाळा! मुंबई नाक्याच्या हॉटेलात सगळ्या डीलरांना बोलावलेलं. शेखरसाहेब, कंपनीचे मॅनेजर, मूळ पुण्याचे, स्वतःच्या गळ्यात टाय बांधून दाखवत होते. समोर बसलेले आमचे लोक — कांद्याच्या खळ्यावर हजार माणसांना दरडावणारे — गळ्याला फास लागल्यासारखे लालबुंद.

गोरक्षमामा मात्र निवांत. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ, मालेगावचे डीलर. खालीवर एकाच रंगाचा बदामी सफारी घालून आले आणि म्हणाले, "मना सूट तयार शे." शेखरसाहेब म्हणाले, हा सूट नाही, सफारी आहे. मामा म्हणाले, "पोरीच्या लग्नात व्याह्यांनी सूट म्हणून दिला. व्याही काय खोटं बोलतीन?"

मग साहेब अण्णांकडे वळले. "धनराजराव, सूट शिवून घ्या. आणि टोपी तेवढी काढा. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

अण्णा नुसते हसले. मी म्हणाले, "कागदात राष्ट्रीय पोशाख लिहिलंय, साहेब." ते म्हणाले, तो म्हणजे बंद गळ्याचा कोट वगैरे. वगैरे म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

१२ डिसेंबर

दोन तासांचा प्रश्न! मग शेखरसाहेबांनी दोन तास विजारीशिवाय बसावं.

२० डिसेंबर

मेन रोडला कोटाचं माप दिलं. काळा, बंद गळ्याचा. अण्णा म्हणाले, "एवढं त्यांचं ऐकू. कोट अंगावर आहे, काढला की झालं." टोपीचा विषय शिंप्याने काढला — "कोटावर टोपी? पुढारी दिसाल." अण्णा म्हणाले, "तू हाताचं माप घे. डोक्याचं माझ्याकडे आहे."

मी दुकानाबाहेर येऊन पोट धरून हसले. बोलतात कधी कधी. बोलले की असे बोलतात.

८ जानेवारी २००६

निफाडची माणसं आली होती. काका घेऊन आले. मुलगा वाईट नव्हता, उगाच कशाला वाईट लिहू. त्याच्या वडिलांनी विचारलं, दुकानात बसते म्हणे? काका लगबगीने म्हणाले, "तसं काय नाय, वेळ जात नाही म्हणून बसते. आता आमचा ललित बसणारच आहे."

मी पोह्यांचा ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ललितला अजून अर्ध्या घोड्याची मोटर आणि खरा घोडा यातला फरक कळायचाय." आईने पदर तोंडाला लावला — रडत होती का हसत, कळलं नाही. पाहुणे चहा पिऊन गेले. काका जाताना म्हणाले, "जिभेला हाड नाही पोरीच्या." नाहीच आहे. कोणाच्याच नसतं.

आणि अण्णा? सुपारी.

आता मला माझंच हसू येतं. महिनाभर मी कोणासाठी भांडतेय? ती टोपी उद्या कोणाच्या डोक्यावर जाणार? ललितच्या. त्याचा मामा येईल, ओट्यावर सगळे बसतील, आणि माझ्या अण्णांच्या जागेवर तो सापवाला बसेल. मी बायकांत मागे उभी. नाहीतर निफाडला. म्हणजे मी ललितचीच टोपी राखतेय! तरी राखणार. ती आज अण्णांची आहे. आजचं आज बघू.

१४ जानेवारी

काकांनी तिळगूळ दिला, गोड बोल म्हणाले. तिळगूळ घेतला.

१५ जानेवारी

आईने तीन टोप्यांना खळ घालून कडक इस्त्री केली आणि स्टीलच्या डब्यात ठेवून दिल्या. चेपायला नकोत म्हणून. दुसऱ्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. कस्टमवाल्याने उघडायला सांगितलं तर आधी कुठला डबा उघडायचा, यावर आमचं अर्धा तास भांडण.

१७ जानेवारी, जहाजावर

जहाज कसलं, आमच्या शहरातला शालिमार ते सीबीएस एवढा रस्ता उचलून पाण्यावर ठेवलाय. लिफ्ट, दुकानं, पोहायचा तलाव — समुद्रात तलाव कशाला, देव जाणे. आईला उलटी झाली नसती, हलतसुद्धा नाही. तिची फार आठवण आली.

आता संध्याकाळचं लिहिते. अजून हात गरम आहेत माझे.

कॅप्टनच्या जेवणाला हॉलच्या दाराशी रांग. सगळे डीलर काळे सूट घालून, ओळखू येईनात. गोरक्षमामा सफारीत. त्यांना कोणी अडवलं नाही! अण्णा काळ्या कोटात, पांढरी विजार, डोक्यावर टोपी. मी काठापदराची नेसले होते. दारातल्या गोऱ्या बाईने हसून स्वतःच्या डोक्याला हात लावला. काढा, म्हणजे.

अण्णा एक पाऊल मागे सरले. चिडले नाहीत. मला म्हणाले, "चल, खोलीत दशम्या आहेत."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. या माणसाने दशम्या खायला एवढा समुद्र ओलांडला? मी दारातच उभी राहिले. पर्समधून तो कागद काढला. बी. कॉम.चं इंग्रजी, पण धडाधड बोलले — ही टोपी नाही, हा पोशाख आहे, तुमच्याच कागदात आहे. मागे रांग खोळंबली. शेखरसाहेब धावत आले. "तृप्ती, तमाशा नको. धनराजराव, दोन तासांचा प्रश्न —"

"साहेब, आत पंजाबचे डीलर पगडी बांधून बसलेत. त्यांना आधी काढायला सांगून या. मग अण्णा काढतील."

साहेब आत बघत राहिले. गेले नाहीत.

मग पांढऱ्या कपड्यातला एक मोठा अधिकारी आला. काय झालं, विचारलं. मी सांगितलं — यांचे वडील वारले तेव्हा ही यांच्या डोक्यावर ठेवली गेली. त्याने अण्णांकडे पाहिलं, बाईला काहीतरी म्हणाला, बाई बाजूला झाली. त्याला पटलं की नुसती रांग पुढे सरकवायची होती, कोण जाणे. आम्ही आत गेलो. टोपीसकट!

टेबलावर अण्णांनी विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"

"बाप गेल्यावर मिळते म्हणून."

"आणि कोणाला मिळते ते?"

"ते त्यांना कशाला सांगू? ते मला माहीत आहे ना."

फार तिखट निघालं तोंडातून. निघालं ते निघालं, परत घेणार नाही. अण्णांनी चमचा खाली ठेवला आणि मग सूप गार होईपर्यंत समोरच्या काचेतून बाहेर बघत बसले. बाहेर काहीच नव्हतं, काळं पाणी.

१८ जानेवारी

बक्षिसाला अण्णांचं नाव पुकारलं. मी खालीच थांबत होते, माझा हात धरून वर नेलं. ढाल घेतली, माझ्याकडे दिली. मग एवढ्या लोकांसमोर दोन्ही हातांनी स्वतःची टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

हॉलभर हशा, टाळ्या. गंमत वाटली सगळ्यांना. शेखरसाहेब तर उभे राहून टाळ्या वाजवत होते — निघाली एकदाची! फक्त देवळा-सटाणा-मालेगावच्या टेबलांवर एक हात हलला नाही. सगळे अण्णांच्या उघड्या डोक्याकडे बघत होते.

गोरक्षमामा स्टेजजवळ आले. हलक्या आवाजात म्हणाले, "दाजी, जित्तेपणी करू नही असं."

अण्णा म्हणाले, "मेल्यावर माझं कोण ऐकणार?"

मामा सफारीची बटणं नीट करून पायऱ्या चढून वर आले. टोपी मला मोठी होती, कानावर घसरली होती. त्यांनी ती उचलली, आणि माझ्या डोक्यावर सरळ ठेवली.