मागच्या दोन दारांची वाटणी

मी, चंद्रमतीबाई, कै. हरिप्रसादराव यांची पत्नी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा लग्नामुंजीचा स्वयंपाक, राहणार मेल राजवीथीचा बोळ, तंजावूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी खात्रीसाठी वार आणि तारीख विचारली, तेव्हा मी त्यांना वार, तारीख, तिथी आणि त्यांच्या स्वतःच्या लग्नात पोळ्या कोणामुळे कमी पडल्या तेही सांगितलं. त्यांनी आणखी काही न विचारता दाखला लिहून दिला.

याआधी मी लेखी मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडी पुष्कळ केली, बहुतेक रागाच्या भरात. ती सगळी रद्द समजावीत.

वकील कल्याणराम म्हणाले, तमिळमध्ये लिहा, म्हणजे घरात सगळ्यांना वाचता येईल. सगळ्यांना सहज वाचता यावं अशी माझी इच्छाच नाही. हे मराठीत आणि देवनागरीतच राहील आणि कोणीही त्याचं भाषांतर करायचं नाही. याचं कारण शेवटच्या कलमात आहे. आधीच शेवटचं पान उलटून पाहाल, तर मला कळेल.

कलम १. माझे वारस दोन. मुलगा भरद्वाज, जो माझ्याबरोबर धंद्यात आहे, व्हॅन चालवतो आणि पंगतीचं बघतो. मुलगी हरिता, त्याच्याहून धाकटी, बँकेत नोकरीला, पण मुहूर्ताच्या दिवशी रजा काढून वाढायला हजर. राहतं घर दोघांचं, सारखं. परसातल्या कढीपत्त्याची वाटणी करत नाही, कारण तो शेजाऱ्यांनी केव्हाच आपला मानला आहे. त्यांना तोडू द्यावा, फक्त दुपारी झोपमोड करून मागायला आले तर दार उघडू नये.

कलम २. बँकेत जे असेल ते आणि माझ्या बांगड्या, दोघांना सारखं. यावरून भांडण होणार नाही हे मला ठाऊक आहे. माझी मुलं पैशावरून भांडणाऱ्यांतली नाहीत, ती सांबारावरून भांडतात.

कलम ३. माझी नणंद अखिला हिला डांगर पचडीची कृती. आयुष्यभर ती माझी पचडी दोनदा वाढून घेत आली आणि वर "बरी आहे" म्हणत आली. कृती खरी आहे, त्यातलं काही लपवलेलं नाही. उडदाचं पीठ ताकात कालवताना घाई करू नये, असंही शेवटी लिहिलं आहे. ती घाई करणार, आणि पचडीत गुठळ्या होणार. तरी कृती तिलाच मिळावी.

कलम ४. व्हॅन.

ही व्हॅन यांनी जुनीच घेतली होती, आणि आता ती इतकी जुनी आहे की तिचा मूळ रंग कोणता यावर आमच्यात एकमत नाही. इंजिन ठणठणीत. खोड आहे ती मागच्या दोन दारांत. डावं दार आधी लागतं, उजवं त्याच्यावर येतं, मग कडी. निदान तशी रीत होती.

ओरत्तनाडूच्या एका लग्नाला आम्ही निघालो होतो. मागे सांबाराचं मोठं पातेलं. कालव्याच्या पुलाआधीच्या गतिरोधकावर व्हॅन उडाली, मागची दोन्ही दारं सताड उघडली आणि पातेलं रस्त्यावरून घरंगळत थेट भाताच्या खाचरात गेलं. तिथे बदकांचा मोठा कळप चरत होता. शेवग्याच्या शेंगांसकट ते सांबार बदकांनी ज्या आवडीने खाल्लं, तसं अजून कुठल्या व्याह्यांनी खाल्लेलं मला आठवत नाही. बदकं राखणारा म्हातारा मला नमस्कार करून गेला.

मी हसत होते. मुलं हसत नव्हती. भरद्वाज खाली उतरून ओरडला, "अस्कं सांडलं! कडी कोण लावली नाही? हरिता लावली नाही!" (अस्कं म्हणजे आमच्या घरच्या मराठीत सगळं.)

हरिता शाळेत गेल्यापासून मला तमिळमध्येच उत्तर देते, तशीच त्यालाही तिने तमिळमध्ये उलट विचारलं, शेवटी दार कोणी ओढलं? "नीदान अण्णा!" म्हणजे तूच.

लग्न रसम् आणि पचडीवर निभावलं, कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण त्या दिवसापासून ही दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच खोलीत, एकाच पानाच्या डब्याशी बसून हरिता मला तमिळमध्ये सांगते, "अण्णाला म्हणावं, जेवून जा." भरद्वाज मला सांगतो, "तिला म्हण, मी जेवूनच आलो, नोको." मी मधे बसून निरोप पोचवायचे. काही निरोप मी मुद्दाम बदलून पोचवले, म्हणजे तरी भांडतील आणि बोलतील. तेही जमलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. हे मी तोंडाने कधी म्हटलं नाही, म्हणून इथे लिहिते.

बोलणं बंद झालं, दुरुस्ती मात्र जोरात सुरू झाली. भरद्वाजने मिस्त्री सेल्वराजकडे नेऊन उजव्या दाराची बिजागरी ठोकून घेतली. त्यामुळे उजवं दार वर उचललं गेलं आणि डाव्याला घासू लागलं. हरिताने त्याला न सांगता डाव्या दाराला नवा अडसर बसवून घेतला. आता डावं इतकं घट्ट बसलं की उजवं त्याच्यावर येईना. मग भरद्वाजने काथ्याचा दोर बांधला. हरिताने दोर कापून साखळी लावली. साखळीची किल्ली बँकेत राहिली आणि पेरावुरणीच्या मुंजीला आम्ही केळीची पानं पुढच्या खिडकीतून बाहेर काढली. सेल्वराज प्रत्येक वेळी म्हणायचा, "अम्मा, ज्यानं आणलं त्याचं दार मी दुरुस्त केलं." त्याचीही चूक नाही, त्याला एकेक दारच दाखवलं गेलं.

आता खरी गोष्ट ऐका. त्या दिवशी कडी लावलेली होती. मी मागेच बसले होते, मी पाहिली. दारही नीट ओढलेलं होतं. दोन्ही दारांच्या बिजागऱ्यांचे खिळे झिजले होते, म्हणून भरलेली व्हॅन उडाली की दोन्ही दारं आपापल्या बाजूला लोंबायची आणि कडी आपोआप सुटायची. हे मी त्याच दिवशी पुलापाशी सांगितलं होतं. पुन्हा घरी सांगितलं. तुम्ही दोघंही इतक्या मोठ्याने गप्प होतात की माझं कोणाला ऐकूच गेलं नाही.

म्हणून व्हॅनची वाटणी अशी: डावं दार हरिताला. उजवं दार भरद्वाजला. बाकीची व्हॅन, म्हणजे इंजिन, चाकं आणि हॉर्न (जो वाजवायचा असेल तेव्हा वाजत नाही), दोन्ही दारांच्या मागे जाईल, आणि तीही या अटीवर की माझ्या तेराव्याचं जेवण घरीच शिजवून, याच व्हॅनमधून, त्याच पुलावरून, ओरत्तनाडूजवळच्या माझ्या माहेरी न्यायचं. सांबार पोचलं तर व्हॅन दोघांची. सांबार सांडलं, किंवा दारांना दोर, साखळी, अडसर यांपैकी काहीही लावलेलं आढळलं, तर व्हॅन अखिलाची. ती तिच्यात नारळ भरणार आहे आणि दारावर स्वतःचं नाव रंगवणार आहे. रंग तिने ठरवून ठेवला आहे, जांभळा.

त्या मार्गावर बदकं दिसली तर त्यांच्यासाठी एक डबा वेगळा ठेवावा. तो सांडलेला धरला जाणार नाही.

कलम ५. हत्यारं. मोठा झारा भरद्वाजला, कारण तो हातात असला की त्याचा राग निवतो. पुरणाचं यंत्र हरिताला. पोळ्या ती माझ्यापेक्षा पातळ लाटते, हे मी तिच्यासमोर म्हणणार नव्हते, आता म्हणते. बिजागऱ्यांचे चारही नवे खिळे मी आणून ठेवले आहेत, सांबाराच्या त्याच मोठ्या पातेल्यात, फडक्यात बांधून. पातेल्याला पोचा पडला आहे, तो काढू नये.

कलम ६. खिळे बसवण्याची रीत. एका वेळी एक दार करायचं नाही. एक नवं आणि एक झिजलेलं असलं की दोघं कधी जुळत नाहीत. दोन्ही दारं लावून घ्यायची. उजवं जड आहे, त्याला खालून खांदा देऊन उचलायचं. त्याच वेळी डावं दुसऱ्याने तळहाताने दाबून धरायचं. मग सेल्वराजने खिळे ठोकायचे. मी एकटीने करून पाहिलं. उजवं उचललं की डावं सुटतं, डावं दाबलं की उजवं खाली येतं. एकट्याचं ते काम नव्हे.

कलम ७. आणि शेवटचं. हे मराठीत का.

हरिता, तू लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्यास, तुला ही अक्षरं वाचता येतात. पण माझी असली पुस्तकी मराठी तुझ्या डोक्यावरून जाते. भरद्वाज, तू यांच्या मांडीवर बसून मठातली कीर्तनं ऐकलीस, तुला अवघडातली अवघड मराठी समजते. पण देवनागरीतलं एक अक्षर तुला ठाऊक नाही. घरात हा कागद वाचू शकेल असं एकटं माणूस कोणी नाही. साक्षीला बसलेल्या जयतीर्थ मास्तरांना वाचताही येतं आणि समजतंही, पण अर्थ कोणाला सांगणार नाही असा त्यांनी मला शब्द दिला आहे. तेव्हा तुम्ही इथपर्यंत आलात ते एकाच रीतीने आला असाल. एकीने वाचलं, एकाने अर्थ सांगितला. "राजीखुशी म्हणजे काय, अण्णा?" असं तिने विचारलं असेल, आणि तू सांगितलं असशील. किती वर्षांनी, ते मोजू नका.

मला तेवढंच हवं होतं. अखिला, घाबरू नकोस, पचडीची कृती तुलाच आहे.

आता कागद खाली ठेवा. भरद्वाज, खांदा लाव. हरिता, दाब. दोन्ही दारांचा मिळून एकच आवाज आला पाहिजे. दोन आले, तर पुन्हा उघडा आणि पुन्हा लावा.

चंद्रमतीबाई (सही)

ठिकाण: तंजावूर. तारीख: २१ ऑगस्ट २०२५.

बाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार १: जयतीर्थ, निवृत्त शिक्षक (सही). साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये, असं वकील म्हणाले. म्हणून बाईंनी पितळी कॉफी फिल्टर मला कालच दिला. मजकूर वाचला आहे. अर्थ कोणालाही सांगणार नाही.

साक्षीदार २: सेल्वराज, मिस्त्री (तमिळमध्ये सही). त्यांनी सांगितलं ते मी, जयतीर्थ, इथे लिहितो: "मला हे वाचता येत नाही. पण लिहिताना अम्मा मधूनमधून हसत होत्या, तेव्हा त्या पुऱ्या शुद्धीत होत्या. आता एकच दार घेऊन कोणी आलं, तर मी गाडीला हात लावणार नाही."