कपड्यांवरचं आडनाव

ती. ताईस,
धाकटीचा वाकून नमस्कार.

इथल्या वृद्धाश्रमात सगळं छान आहे, काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

धुलाईत अदलाबदल नको म्हणून काल नर्सने माझ्या कपड्यांवर आडनावाच्या पट्ट्या शिवल्या. मी माहेरचंच सांगितलं. "असलं आडनाव कधी ऐकलं नाही हो, आजी!" म्हटलं, "आमचे पूर्वज नावाडी. लोकांना नदीपार घरी पोचवायचे."

बोर्डिंगमध्ये सिस्टरही अशाच पट्ट्या शिवायच्या, आठवतं? ते आडनाव शाळेत आपल्या दोघींचंच, त्यामुळे तुझे फ्रॉक मला पट्टीसकट चालायचे.

मुलगा म्हणाला होता, "महिनाभरच, आई." पण पट्टी स्वेटरवरही शिवली आहे, आणि थंडीला अजून सहा महिने आहेत.

तेव्हा सुटी लागली की बाबा न्यायला यायचे. आता तू येशील ना, ताई?

तुझी,
धाकटी