परीक्षा काय, दरवर्षी असते

येरवडा, मंगळवार

प्रिय कांता,

थोरल्या जाऊचा आशीर्वाद. हवा असला तर घे.

माझं अक्षर बघून हसशील. हस. चौथीपर्यंत जेवढं आलं तेवढंच आहे, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलीये. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, ‘ताई, कुकर लावलाय’ म्हणून ठेवून देतेस. पत्राला कुकर नाही. शेवटपर्यंत वाचावं लागेल.

आधी इकडची खबर. मी मजेत आहे. इतकी मजेत की गुडघेसुद्धा दुखायचं विसरतात. रिक्षावाल्याला येरवडा म्हटलं की तो आरशातून बघून विचारतो, ‘आजी, आत का बाहेर?’ पूर्वी राग यायचा, जेल काय आमच्या बापाचंय का म्हणून. आता सांगते, मी बाहेर, पण माझी नात आत गेली, सरकारी मेडिकल कॉलेजात. परवा एकाने त्यावर पेढे मागितले. दिले. पिशवीत असतातच.

तर पेढ्यांवरून आठवलं, तुला शुभंकरचं जावळ आठवतं का गं? शनिवार पेठेत आपण दोघी एका ओट्यावर स्वयंपाक करायचो तेव्हाचं. तुझा लेक वर्षाचा, डोक्यावर हे एवढं जावळ, आणि तुझा भाऊ अकोल्याहून येणार, मामाच्या मांडीवर बसवून काढायचं म्हणून. तारीख तू धरलीस. माझ्या राधाची डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा त्याच दिवशी आहे, हे घरात मांजरालासुद्धा ठाऊक होतं. मी बोलले, ह्यांच्यासमोर बोलले, एक दिवस पुढे घ्या म्हटलं. तू म्हणालीस, भावाला सुट्टी नाही. बरं, नाही तर नाही. राधा सकाळी निघायला तयार झाली, तर तू म्हणालीस, तिच्या हातच्या पुऱ्या टम्म फुगतात, एवढा एक घाणा लाटून दे आणि मग जा. एक घाणा झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला तू कणीकच पुन्हा भिजवलीस. मी रिक्षा थांबवून दारात उभी. पोर पोचली तेव्हा गेट लागलेलं. परत आली तर नखांत कणीक तशीच. आणि तू पंगतीत जिलब्या वाढता वाढता काय म्हणालीस? ‘रडतेस काय, परीक्षा काय, दरवर्षी असते. पुढच्या वर्षी दे.’

जिलब्या चांगल्या झाल्या होत्या हो. खोटं कशाला बोलू.

पुढच्या वर्षी परीक्षा आली, पण तोवर राधाचं लग्न होऊन गेलं होतं. स्थळही तूच आणलंस. जावई देवमाणूस निघाला हे तुझं नशीब, नाहीतर हे पत्र मी तुला कधीच लिहिलं असतं. आता ती औषधाच्या दुकानात उभी असते, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचते. नुसत्या वाचते. लिहायच्या होत्या तिला.

मग तिच्या लेकीची वेळ आली. संस्कृतीला बारावीच्या वर्षी त्या नीटमध्ये मार्क कमी पडले. पोरगी म्हणाली, आजी, एक वर्ष थांबते, पुन्हा देते. हल्ली याला ड्रॉप म्हणतात. तू लगेच खराडीहून काजूकतली घेऊन आलीस, जशी काही ती नापास व्हायचीच वाट बघत होतीस. पंख्याखालची खुर्ची धरून म्हणालीस, ‘पुढच्या वर्षी कशाला? वर्ष फुकट जाईल. मुलीचं वय काय थांबतं? फार्मसीला टाका नि मोकळ्या व्हा.’ मी चहा करत होते. म्हटलं, ही बाई आईला म्हणते पुढच्या वर्षी दे, आणि लेकीला म्हणते पुढच्या वर्षी कशाला. म्हणजे हिच्या कॅलेंडरात आमचं वर्षच छापलेलं नाही. त्या दिवशी तुझ्या चहात मी साखर घातली नाही, कळलं होतं का? मुकाट प्यालीस.

तू जिना उतरलीस तशी मी संस्कृतीला म्हटलं, बाळ, थांब तू वर्षभर. आणि थांबली ती, माझ्याकडेच राहून. घरातला टीव्ही बंद, पाहुणे बंद, माझ्या भजनाच्या बायकासुद्धा बंद. कांताबाई कुठे गेल्या म्हणून कुणी विचारत नव्हतं, हेही एक सुखच होतं.

परीक्षेचं सेंटर आलं तुमच्या खराडीत. दुपारी दोनला पेपर, दीडला गेट बंद. राधा सकाळी नऊलाच चपला घालून बसली. गाडी कुणाची होती, विचार. शुभंकरची. तुला जिमला जातो म्हणून सांगून आला होता. जावळाच्या दिवशीचं त्याला सगळं माहीत आहे, तो शाळेत होता तेव्हाच मी सांगितलं. तू सांगितलं नव्हतंस? असो, कामात राहून गेलं असेल. गाडीत बसताना राधाच्या हातात पाण्याची बाटली देऊन म्हणाला, ‘ताई, आज माझ्यामुळे उशीर नाही व्हायचा.’ राधाने बाटली घेतली नि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

गेटावर पोरीला कानातलेही काढायला लावले, ते माझ्या मुठीत. दीड वाजला, वॉचमनने गेट ओढलं. सगळ्या आया हात जोडून उभ्या आणि आमची राधा हसत होती. अगं, गेट बंद झालं आणि आपलं माणूस आत होतं! वॉचमनला वाटलं, बाईला ऊन लागलं.

आता तुझ्या निरोपाचं. येत्या शनिवारी सकाळी शुभंकरचा साखरपुडा, हे तू मोबाईलवर बोलून पाठवलंस, ते मी तीनदा ऐकलं. ‘राधाला शुक्रवारीच पाठवा, पुडे नि ताटं सजवायला तिचा हात चांगला. संस्कृतीला तो पांढरा कोट घालूनच आणा, मुलीकडच्यांना मी सांगितलंय आमच्या घरात डॉक्टर आहे. कॉलेजचा कार्यक्रम काय, कोट नंतरही घालता येतो.’ वा. शनिवारी सकाळीच कॉलेजात पोरांना तो कोट पहिल्यांदा घालतात, आईबापांना समोर बसवून. तुला तारीख माहीत होती. तुला तारखा नेहमीच माहीत असतात.

काल शुभंकर आणि चैताली येऊन गेले. सून चांगली मिळवलीस, पोटभर जेवते आणि स्पष्ट बोलते. शनिवारी सकाळी ती दोघं आमच्याबरोबर कॉलेजात येणार आहेत, राधाच्या शेजारी बसायला. साखरपुडा संध्याकाळी. मुलीकडच्यांना सांगून झालं, गुरुजींना सांगून झालं, हॉलवाला हो म्हणाला. राहिलीस फक्त तू. तुला सांगायची शुभंकरची हिंमत होईना, म्हणाला, मोठी आई, तूच सांग. म्हणून हा सगळा कागद खर्च केला. तोच आणून देईल, आणि तू इथवर वाचेपर्यंत लिफ्टने खाली पोचलेला असेल. त्याला ओरडू नकोस. सकाळचा मुहूर्त गेला म्हणून रडूही नकोस, मुहूर्त काय, दरवर्षी असतात. संध्याकाळी आम्ही सगळे येऊ, थोडा उशीर होईल, तेवढं हॉलचं गेट उघडं ठेवायला सांग. सकाळभर तुला दुसरं काम नाही. पुऱ्या लाटायला घे.

तुझीच थोरली जाऊ,
आनंदी