ड्यूक दहा दिवस जगला पाहिजे

२८ मार्च १९५९, शनिवार

आणला. शेवटी आणलाच!

छावणीतल्या प्राण्यांच्या आश्रमात आजची तिसरी खेप. बुलडॉग, वय पाच, नाव ड्यूक. मालक साहेब बायको-मुलांसह ऑस्ट्रेलियाला गेला, याला फाटकाला बांधून. आश्रमातली म्हातारी मडम म्हणाली, "चार महिने झाले. सगळे तोंड बघून परत जातात." तोंड आहेच तसं. कुणी दार आपटून चेपल्यासारखं.

कागदावर सही घेतली. कुणाला चावला तर परत आणून द्यायचा. मी विचारलं, "परत आणला तर दुसऱ्या कुणाला देता?" "चावलेला कुत्रा देत नाही आम्ही." "मग?" तिनं भिंतीतल्या पांढऱ्या कपाटाकडे पाहिलं फक्त. आत सुया होत्या.

रेल्वेच्या गार्डाच्या डब्यातून के. आर. पुरम स्टेशनापर्यंत आणला. टेलिफोन कारखान्याच्या वसाहतीत आमचं घर रांगेतलं शेवटचं, पलीकडे नुसती नाचणीची शेतं. यांची दुसरी पाळी असली की घरात आम्ही दोघीच, सासूबाई आणि मी. थंडीत चोरांनी वसाहतीतली दोन घरं फोडली. यांना सांगितलं होतं. सासूबाईंना नव्हतं.

दारातच उभ्या होत्या. "हे काय गं? डुक्कर आणलीस?"

३० मार्च

घोरतो. काय घोरतो! हे सकाळी म्हणाले, "आईला सर्दी झालीय वाटतं." सासूबाईंनी चहाचा कप तसाच ठेवला आणि उठून गेल्या.

१ एप्रिल

सासूबाईंनी ट्रंक बाहेर काढली आहे. निपाणीला लेकीकडे जायचं म्हणतात. "या घरात ते तरी राहील, न्हाईतर मी तरी." लाळ गळते, वास येतो, देवाची फुलं हुंगली, मागच्या गल्लीतून कामाला येणाऱ्या गंगव्वानं घासलेल्या भांड्यांत तोंड घातलं. सगळं खरं आहे. गंगव्वाही कपाळाला हात लावून म्हणाली, "असलं कुत्रं आमच्या सात गावांत नाही, अक्का."

हे मधल्या मध्ये. "पाठवून दे ना. आईसाठी."

नाही म्हटलं. लग्नाला अकरा वर्षं झाली. सासूबाई निपाणीहून आल्या तेव्हापासून या घरात पडदे त्यांच्या पसंतीचे, आमटीला फोडणी त्यांच्या पद्धतीची. कधी तोंड उघडलं नाही. या एका गोष्टीला नाही म्हटलं. ते कपाट डोळ्यांपुढून जात नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

चावला.

चारचा सुमार. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. सासूबाई मागं वाळत घातलेल्या मिरच्या काढायला गेल्या. एकदम ओरडणं, आणि मागच्या दारातून आत आल्या त्या लंगडत. लुगडं रक्तानं भिजलेलं. पोटरीवर दोन भोकं, खोल. "चावला तुझा कुत्रा! समाधान झालं?"

मी मागं धावले. ड्यूक पेरूच्या झाडाखाली पोत्यावर पडलेला. मान वर केली, शेपटीचं बुटूक हलवलं. काही झालंच नाही असं! इतका संताप आला की दाराशी पडलेली केरसुणी हाणली त्याच्या पाठीत. तो ओरडलाही नाही.

टांगा करून डॉक्टर त्रिविक्रमांकडे. त्यांनी साबणानं जखम पंधरा मिनिटं धुतली, औषध घातलं. मग समजावून सांगितलं. कुत्रा पिसाळलेला असेल तर पोटात चौदा सुया. पण या सुयांनीच एखाद्याला लकवा होतो, म्हणून उगाच देत नाहीत. "कुत्रा घरचाच आहे ना? मग दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. दहा दिवस जगला तर अम्मांना काही धोका नाही. मेला, बदलला, पळाला, तर त्याच क्षणी इकडे. एकदा रोग उमटला की जगात औषध नाही."

सासूबाईंनी विचारलं, "आणि दहा दिवस न थांबता सुया घेतल्या तर?"

"कशाला अम्मा? कुत्रा डोळ्यांपुढे आहे की!"

घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "दहा दिवस झाले की परत. तुझी सही आहे कागदावर."

आहे.

४ एप्रिल

मागच्या ओसरीच्या खांबाला साखळीनं बांधला. कुणी जवळ जायचं नाही. ताटली काठीनं सरकवायची. किती खाल्लं, किती प्यायला, डोळे कसे, सगळं लिहून ठेवायचं हे यांनीच ठरवलं.

सकाळी: भाकरी-दूध संपवलं. लाळ: नेहमीची. पण नेहमीची म्हणजे किती? आठवडाभरच तर ओळखतो आम्ही याला!

५ एप्रिल

शेजारचे आप्पाजी बंदूक घेऊन आले. कारखान्यात पहारेकरी आहेत, हेतू चांगला. "वहिनी, एका गोळीचं काम. डोक्याला ताप कशाला?" यांनी हात जोडले. "आप्पाजी, हा मेला तर आईचं कळायचं कसं?" ते बंदूक खांद्याला लावून गेले, पण जाता जाता मागच्या फाटकाशी थांबून लाळेकडे पाहिलं आणि मान हलवली.

काय वेळ आली! ज्याला घालवायचा त्याचंच आयुष्य मागतोय सगळे.

६ एप्रिल

सासूबाईंनी ट्रंक पुन्हा आत ठेवली. दुपारभर खुर्ची टाकून ड्यूकसमोर बसतात.  जेवण निम्म्यावर आलंय. मी म्हटलं, "तो बरा आहे, आई." त्या म्हणाल्या, "हो. हा बराच आहे."

संध्याकाळी काठी टेकत मागच्या गल्लीत चक्कर मारून आल्या. पाय सुजलेला, तरी. "पाय आखडतो गं."

७ एप्रिल

भयंकर दिवस.

ऊन चढलं होतं. दुपारी दोनला पाणी ठेवलं. ड्यूक दोन घोट प्यायला आणि ठसकला. असा ठसकला की पाणी नाकातून बाहेर! मग पाण्यापासून मागं सरकला. जीभ जांभळी, तोंडाला फेस, छाती भात्यासारखी. पाण्याला भितो, हीच तर ती खूण म्हणतात ना!

सासूबाई भिंतीला धरून उभ्या. चेहरा पांढराफटक.

कारखान्यात निरोप धाडला. यांनी तिथूनच आश्रमाला फोन लावला. मडमचं उत्तर घेऊन सायकलवर घामाघूम आले. "बुलडॉग असाच ठसकतो! नाकच नाही त्याला. ऊन सोसत नाही. ओला टॉवेल घाला, बर्फ द्या, सावलीत ठेवा. आणि म्हणाली, उन्हाळ्यात या जातीचं हेच होतं, तुम्हाला सांगायचं राहिलं." सांगायचं राहिलं!

सोड्याच्या दुकानातून बर्फ आणला. काठीच्या टोकाला टॉवेल अडकवून मी त्याच्या पाठीवर टाकत होते. पुन्हा पुन्हा घसरत होता. तेव्हा सासूबाई पुढं झाल्या, टॉवेल हातात घेतला आणि जवळ जाऊन त्याच्या मानेवर घातला. हातानं! "आई!" हे ओरडले. त्या तिथंच बसल्या. बर्फ फिरवत राहिल्या. पाचच्या सुमाराला धाप ओसरली. चार वाट्या पाणी प्यायला.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"याची?" म्हणाल्या.

८ एप्रिल

डॉक्टर स्वतः येऊन पाहून गेले. खाणं चांगलं, डोळे स्वच्छ. "पाच दिवस झाले. अर्धी वाट संपली, अम्मा."

सासूबाईंनी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. काहीतरी विचारत होत्या. डॉक्टर हसून मान हलवत होते. आत आल्यावर मी विचारलं. "काही नाही. सगळ्याच कुत्र्यांना दहाच दिवस का, विचारलं."

संध्याकाळची चक्कर आज लवकर आटोपली. तोंड उतरलेलं. जेवल्या नाहीत.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. शेजारून उगादीचा कडुनिंब-गूळ आला. सासूबाईंनी अर्धी पुरणपोळी तुपात भिजवून ड्यूकपुढं ठेवली. "खा रे गुंडू." गुंडू! हे हसले, कितीतरी दिवसांनी हसले. "आई, त्याचं नाव ड्यूक."

"असलं कसलं नाव? गुंडूच आहे तो. गोल."

जेवणं झाल्यावर त्यांनी विषय काढला. "उमाकांता, मी सुया घेऊ का रे आत्ताच?" हे समजावत बसले. कुत्रा ठणठणीत आहे. चौदा सुया, लकव्याची जोखीम, या वयात. आता चारच दिवस. सगळं बरोबर बोलले. मीही म्हटलं, "थोडं धीर धरा, आई. इतके दिवस काढलेत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहत होत्या. मला वाटलं, आता मला बोलतील, हे सगळं तुझ्यामुळं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या "बरं" म्हणाल्या.

भित्र्या नाहीत त्या. सासरे गेले तेव्हा डोळ्यांत पाणी न आणता सगळं निस्तरलं होतं. पण मरणाची वाट अशी रोज मोजायची म्हणजे कुणीही खचेल.

११ एप्रिल

आठवा दिवस. खातो, पितो, घोरतो. घोरण्याचा आवाज आला की जीव भांड्यात पडतो. आज थोडा वेळ थांबला तर आम्ही तिघेही ओसरीकडे धावलो! तो जागा झाला होता, एवढंच.

जखम भरत आली. सासूबाई म्हणतात, पायात मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले, जखम भरताना होतं तसं.

१२ एप्रिल

उद्या दहावा. यांनी आश्रमाला फोन केला: मंगळवारी सकाळी आणतो. मी तांदूळ निवडत बसले. त्या शुक्रवारी त्याला केरसुणीनं मारलं ते सारखं आठवतं. चावला, तर मारणारच माणूस. पण तो उलटला नाही माझ्यावर. गुरगुरलाही नाही. एकदाच चावला, तेही सासूबाईंना, तेही झोपेतून उठून. जनावराचं काही कळत नाही.

सासूबाईंना म्हटलं, "तुमचं खरं झालं. जाईल तो." त्या देवापुढं बसल्या होत्या. मागं वळल्या नाहीत.

१३ एप्रिल, सोमवार

जगला!

चार वाजून गेले. साखळी सोडली. डॉक्टर आले, ड्यूकच्या डोक्यावर थाप मारली, सासूबाईंना म्हणाले, "अम्मा, शंभर वर्षं." हे लहान मुलासारखे रडले. गंगव्वानं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. आप्पाजी फाटकातूनच ओरडले, "वहिनी, गोळी वाचली!"

मी ओसरीत बसले होते. ड्यूक येऊन माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला. उद्या सकाळची आठची गाडी. पांढरं कपाट.  काय बोलणार? सासूबाई वाचल्या, हे थोडं आहे का?

१४ एप्रिल

टांगा दारात. यांनी ड्यूकला उचलून आत ठेवलं, आणि सासूबाई अनवाणी रस्त्यावर आल्या. टांग्याचा दांडा धरला. "नेऊ नको त्याला. तो चावला नाही."

दोघांनाही कळेना.

"मागच्या गल्लीतलं पांढरं कुत्रं चावलं. मिरच्या काढून मागच्या फाटकाबाहेर गेले होते. म्हटलं, याचं नाव घेतलं की हा जाईल." मग माझ्याकडे वळून, "नंतर तुला सांगायचं धाडस झालं नाही गं."

हे तसेच टांग्यात बसून डॉक्टरांना आणायला गेले, ड्यूकसकट. मी गंगव्वाला विचारलं, तुमच्या गल्लीतलं पांढरं कुत्रं कुठं असतं?

"ते? ते मेलं की अक्का. उगादीच्या आदल्या दिवशी."

आठ तारीख, चावल्याचा पाचवा दिवस; कशानं मेलं, ते विचारायला माझी जीभ उचलेना. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.