कळशीभर फी

बाई, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझेही केस पिकले, पण भांडी घासता घासता मध्येच तुमच्याशी भांडण सुरू होतं आणि हातातलं पातेलं आपटलं जातं. तुम्ही मला चौथीत शिकवलंत, मुंबईच्या शाळेत. वीस वर्षांनी वसईपलीकडे तुळिंजला आमच्याच बिल्डिंगच्या जिन्यात भेटलात आणि ओरडलात, "अगं, वर्गात बोरं खाणारी ती तूच ना?" किती आनंद झाला होता मला! आम्ही पहिल्या मजल्यावर, तुम्ही एकट्या तिसऱ्यावर. जागा स्वस्त म्हणून आपण सगळेच तिकडे आलो होतो.

सासूबाई तेव्हा अंथरुणावर होत्या. पडून खुब्याचं हाड मोडलं, ते काही सांधलं नाही. ह्यांचा अर्धा पगार फ्लॅटच्या हप्त्यात जायचा आणि उरलेल्यातला बराचसा औषधांत. माझं बी.एड. झालेलं. वसईच्या एका शाळेतून बोलावणंही आलं, पण सासूबाईंपाशी बसणार कोण? म्हणून घरातच शिकवणी काढली, दारावर पाटी लावली. आठ दिवसांत तीन मुलं आली, त्यातली दोन परत गेली. कारण वर तुम्ही फुकट शिकवत होतात! म्हणजे पैसे घेत नव्हतात. वरच्या मजल्यांवर नळाला पाणी चढत नसे, म्हणून प्रत्येक मुलानं खालच्या टाकीवरून एक कळशी आणून तुमच्या पिंपात ओतायची, बस्स, एवढीच फी. संध्याकाळी पाचला तुमचं पिंप भरायचं आणि माझी खोली रिकामी.

एकदा धीर करून वर आले. तुम्ही पोहे टाकले होते. म्हटलं, "बाई, थोडी तरी फी घ्या ना. म्हणजे माझ्याकडेही कोणी येईल." उलथनं तसंच हातात धरून तुम्ही बघितलंत. "शिकवायला बसलीस की दुकान मांडलंस गं?" मी पोहे न खाताच उतरले. दर महिन्याला पेन्शन घरबसल्या मिळणाऱ्यालाच असली वाक्यं सुचतात, बाई! नोकरी केलीत, निवृत्त झालात, तरी जागा सोडायला तयार नाहीत. घरात एक म्हातारी माझे पाय धरून बसलेली, वर दुसरी माझी मुलं धरून. आम्ही करायचं काय? तुमच्या मरणाची वाट बघायची? हे मी तेव्हा मनात म्हटलंय, तुम्हा दोघींना उद्देशून. आता लिहूनच टाकलं.

मग तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सासूबाईंना शेजारणीवर सोपवून मीच तुम्हाला घेऊन गेले. डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले, "आजी, महिन्याभरात सुईत दोरा ओवाल." रिक्षात तुम्ही माझा हात धरलात, "तेवढा महिना माझी पोरं सांभाळ." सांभाळली की! चौदा पोरं. आणि त्यांच्या आयांना सांगितलं, बाईंना डॉक्टरांनी शिकवायची कायमची बंदी केलीय, आता माझ्याकडेच पाठवा. आयत्या बिळावर नागोबा! पहिल्या फीतून सासूबाईंची औषधं आणली आणि मला चपला. त्या चपला मला फार आवडायच्या.

महिना सरल्यावर तुम्ही हिरवा चष्मा लावून, सतरंज्या अंथरून, दार उघडं टाकून बसलात. कुणी आलं नाही. तुम्ही खाली याल, फाडफाड बोलाल, म्हणून मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. तुम्ही आलाच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात बादली वाजायला लागली. दोन पायऱ्या चढायच्या, बादली टेकवायची, पुन्हा दोन पायऱ्या. आमच्या दाराशी जास्त वेळ थांबायचात, धाप आत ऐकू यायची. शपथ घेऊन सांगते, पाण्याचा विचार तोवर माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी मुलं पळवली ती तुमच्या पाण्यासकट, हे मला तेव्हा कळलं.

चार महिन्यांनी भाचा तुम्हाला बोळिंजला घेऊन गेला. तिथे लिफ्ट होती म्हणे. वर्षभरात तुम्ही गेलात. सासूबाई पुढे नऊ वर्षं जगल्या. त्या सुटल्या तेव्हा माझं नोकरीचं वय उलटून गेलं होतं. शिकवणीवर लेकीचं कॉलेज झालं. ती परवा म्हणाली, "आई, तुझं म्हातारपण मी बघेन हं." मी तिला मध्येच तोडलं. म्हटलं, तू आधी लांबची का होईना, नोकरी धर.

हे पत्र पाठवणार तरी कुठे? पण एक राहिलंच. एकदा तुमची बादली आमच्या दाराशी टेकली आणि एक मुलगी वही ठेवून उठली. "बाईंची बादली वर देऊन येते." मी तिला दंडाला धरून खाली बसवलं आणि सगळ्यांना सतराचा पाढा म्हणायला लावला, मोठ्यानं, तुमची धाप ऐकू येऊ नये म्हणून. पोरं कुठेतरी चुकली. माझ्या लक्षातही आलं नाही. बाहेरून तुमचा आवाज आला, "सतरा सक एकशे चार नव्हे रे, एकशे दोन!" सगळी पोरं खुदकन हसली आणि दाराकडे बघत राहिली. मी म्हटलं, "पुढे म्हणा." दार चार पावलांवरसुद्धा नव्हतं, बाई.