रथ वडापाशी वळतो

३ फेब्रुवारी, सोमवार

चौथीला आज ‘आपले गाव’ सुरू केलं. पुस्तकातलं गाव कुठलं कोण जाणे — बाग काय, कारंजं काय! आमच्या गावात कारंजं? पुस्तक मिटलं आणि म्हटलं, आपल्याच गावाचा नकाशा काढून आणा. एप्रिलात लक्ष्मीची यात्रा. पोरांच्या डोक्यात सध्या रथाशिवाय काही नाही. म्हणून वर आणखी सांगितलं — रथ ज्या वाटेनं फिरतो ती वाट लाल रंगानं दाखवा. असा कल्ला झाला की हेडबाई इंदुताई काय झालं म्हणून बघायला आल्या. मी स्वतःवर एकदम खूश! परतताना शहराच्या बसमध्ये उद्यमबागेपर्यंत उभी होते, त्याचंही काही वाटलं नाही.

५ फेब्रुवारी

नकाशे तपासले. स्वरूपनं आजोबांचा ट्रॅक्टर देवळापेक्षा मोठा काढलाय. आजोबा म्हणजे परशराम आप्पा, आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, तेव्हा ट्रॅक्टर मोठाच असणार.

ऋतिकाचा नकाशा सगळ्यांत सुबक. ओढा, वड, पाण्याची टाकी, सगळं जागच्या जागी. फक्त रथाची रेघ वडापाशी माघारी वळायची, ती वड ओलांडून सरळ तिच्या गल्लीत गेलेली. थेट तिच्या दारापर्यंत. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “इथं चुकलीस बघ. रथ वडापाशी वळतो.” आणि रेघेवर फुली मारली. पोरं हसली.

ती म्हणाली, “ठाऊक हाय टीचर. आमच्या गल्लीत आला तर कसा येईल, ते काढलो मी.”

“नकाशात जे आहे तेच दाखवायचं असतं,” मी म्हटलं. बरोबरच बोलले की! मग रात्री जेवण का गेलं नाही?

६ फेब्रुवारी

ती गल्ली दलितांची आहे. काल एवढं सगळं लिहिलं आणि नेमकं हेच लिहिलं नाही.

७ फेब्रुवारी

वर्गात विचारलं, रथ वडापाशी का वळतो रे? “वाट बारकी हाय टीचर, रथ आत जात न्हाय!” सगळे एका सुरात. घरून पाठ करून आल्यासारखे. तेवढ्यात स्वरूप म्हणाला, “पर आमचा ट्रॅक्टर ऊस भरून जातोय की तितनं!” तो बिचारा स्वतःच बावरला.

मग ऋतिकानं सांगितलं. गावात देवी दारोदार येते, बायका आपापल्या हातानं तिची ओटी भरतात. हिची आजी नागुबाई खण-नारळ घेऊन वडापाशी जाऊन उभी राहते आणि गावातल्या कुणा बाईच्या हातात ओटी देते. ती बाई पुढं देवीपर्यंत नेते. “आमची ओटी पोचत्या न्हवं टीचर?”

पोचते, म्हणाले. एवढं गुळमुळीत उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलं नसेल.

१० फेब्रुवारी

फुलीवर व्हाइटनर लावला. सगळे नकाशे भिंतीवर टांगले, तिचाही. खाली तिलाच लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं — ‘रथ असा यावा.’ इंदुताई वाचून म्हणाल्या, “कशाला गं खाजवून खरूज काढतेस?” पण उतरव असं काही म्हणाल्या नाहीत. आज मन हलकं आहे.

१३ फेब्रुवारी

क्लस्टरचे साहेब आले तपासणीला. आप्पाही आले. या दोघांचं एरवी विळ्या-भोपळ्याचं. शाळेच्या पाटीवर कन्नड वर की मराठी वर यावरून वर्षभर तोंड बघत नाहीत एकमेकांचं. आज दोघं भिंतीसमोर शेजारी शेजारी उभे. साहेब म्हणाले, “नकाशे चेन्नागिदे, छान आहेत. पण हे एक बेड टीचर, हे नको. लहान मुलं आहेत.” आप्पांनी लगेच मान डोलावली. “साहेब बरोबर बोलत्यात. पोरास्नी नद्या शिकवा, डोंगर शिकवा. ह्ये कशाला?” मग दोघांनी मिळून चहा घेतला. सीमाप्रश्न सुटला म्हणायचा!

जाताना आप्पा थांबले. “टीचर, ही शाळा कशी टिकवलोय आम्ही, तुमास्नी ठाऊक हाय. छपरावर पत्रं घातलो, दारोदार फिरून पोरं आणलो. गल्लीगल्लीत तेढ आली तर लोकं पोरं काढून नेतील. मग मराठी शाळेला कुलूपच.” धमकी नव्हती ती. खरं होतं. म्हणून तर जास्त राग आला.

१४ फेब्रुवारी

सगळे नकाशे उतरवले. पोरांना सांगितलं, भिंतीला रंग द्यायचाय. चक्क खोटं! ऋतिकानं आपल्या नकाशाची घडी घालून दप्तरात ठेवली. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

रविराजला सांगितलं. त्याचं म्हणणं, “सिलॅबस शिकव नि घरी ये. गाव बदलायला नोकरी धरल्यास काय?” नवऱ्याचं एक बरं असतं, दोन वाक्यांत विषय संपतो. संध्याकाळपर्यंत बोलले नाही त्याच्याशी.

साहेब म्हणतात लहान मुलं आहेत. अहो, पण त्यांना सगळं ठाऊक आहे! कोण कुणाच्या उंबऱ्याआत जातं, कोण वडापाशी थांबतं, हे ती पुस्तक उघडायच्या आधीच शिकून येतात. आपण शाळेत फक्त एवढंच शिकवतो की हे बोलायचं नाही. आणि मी तर त्याला लाल पेनानं मार्कही देते. लाज वाटते.

१७ फेब्रुवारी

नद्या शिकवल्या. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. सगळ्यांना आलं.

२ मार्च, रविवार

राहवलं नाही. सुट्टी असून बस धरली आणि आप्पांच्या घरी गेले. वाटलं होतं, दारातूनच वाटेला लावतील. पण आप्पांनी बसवलं, त्यांच्या मालकिणीनं, रुक्माबाईंनी ताक दिलं. मी जे बोलायचं ते बोलून टाकलं.

आप्पा म्हणाले, “वाट बारकी न्हाय टीचर. आमास्नीबी ठाऊक हाय.” आतून रुक्माबाई म्हणाल्या, “त्या नागुबाईची ओटी मीच नेतो दर टायमाला. लई वंगाळ वाटतंय मला.” आप्पांनी तिकडं बघितलं. मला वाटतं, त्यांनाही हे आजच कळलं असावं.

शेवटी म्हणाले, “पाडव्याला देवळात यात्रेची बैठक हाय. तुमी मांडा. मी पुढं हुणार न्हाय, पर आडवाबी येणार न्हाय.”

आडवा येणार नाही! परतीच्या बसमध्ये उगाचच हसू येत होतं. ऋतिकाला मात्र इतक्यात सांगायचं नाही. आधी होऊ दे. पोरीला आशा लावायची आणि मग तोंडघशी पाडायचं, ते नको.

१५ मार्च

बैठकीत काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून बघितलं. रविराज दारात उभा राहून ऐकत होता. “आवाज जरा खाली ठेव,” म्हणाला. मग म्हणाला, “मी येऊ काय संगं?” हे अनपेक्षितच.

२० मार्च

चौथीचा पेपर मीच काढला. शेवटचा प्रश्न मुद्दाम घातला — गावाचा नकाशा काढा व रथाची वाट दाखवा. ऋतिका रेघ दारापर्यंत नेणारच. तोच कागद बैठकीत सगळ्यांपुढं धरीन. माझ्या भाषणापेक्षा ती रेघ जास्त बोलेल.

२५ मार्च

पेपर तपासले. ऋतिकाचा रथ वडापाशी वळलाय. खोडाखोड नाही, रेघ कुठं हललेली नाही. वडाखाली एक बाई काढलीय, हातात ताट घेतलेली.

मधल्या सुट्टीत तिला जवळ बोलावलं. माझ्या हातातला पेपर बघून तीच म्हणाली, “आता बरोबर हाय न्हवं टीचर?”

पाचपैकी पाच दिले.